जपानमधल्या इसेच्या शिंतो देवस्थानाला पहिल्यांदा जाताय? मग एवढं सांभाळा

आधी गेकू (बाहेरचं देवस्थान), मग नाइकू (आतलं देवस्थान), हा जुना क्रम. इसेशी स्टेशनावरून गेकू चालत पाच-सात मिनिटांवर. तिथून नाइकूला बस. बहुतेक नवखे घाईत गेकू गाळतात. तसं करू नका, खरी शांतता तिथेच आहे.

नागोयाहून किंतेत्सू या खाजगी रेल्वेची गाडी साधारण दीड तास घेते, पण जेआर पास (जपान रेल्वेचा प्रवासी पास) त्यावर चालत नाही.

दर्शन असं:
- आत शिरताना पाण्याच्या हौदावर पळीने आधी डावा हात धुवा, मग उजवा. डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, परत डावा हात. पळीला तोंड लावायचं नाही.
- दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, शेवटी एकदा वाकून नमस्कार.
- गेकूत डावीकडून चाला, नाइकूत उजवीकडून.

नाइकूच्या मुख्य देवळाच्या पायऱ्यांखालीच कॅमेरा बंद करा. वर गेल्यावर कुंपण आणि पडदाच दिसतो. हिरमुसू नका, देऊळ दर २० वर्षांनी नवं बांधतात (मागचं २०१३ साली), बघायचं ते लाकूडकाम कुंपणावरून दिसणाऱ्या छपरांवर.

नाइकूजवळच्या ओहाराइमाची या बाजारगल्लीतली दुकानं पाचच्या सुमारास मिटतात, तेव्हा सकाळीच निघा. शाकाहारी असाल तर इसे उदोन (इथल्या जाड शेवया) टाळा, रश्श्यात मासळी असते. आकाफुकु मोची (गोड पुरणाची तांदळाची मिठाई) मात्र जरूर खा. बाकीची देवळं (एकूण १२५ आहेत!) पुढच्या खेपेला.