जपानच्या शाळेतून रोज घरी येणारी वही

तुम्ही विचारलंत की एप्रिलमध्ये आम्ही तिघं जपानला येतोय, मुलगी सरकारी शाळेत दुसरीत बसेल, आम्हा दोघांनाही जपानी येत नाही. मग ती वर्गात शिकतेय की नुसती बसून राहतेय, हे आम्हाला कळणार कसं? माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकली. मोठा पहिलीत गेला तेव्हा मलाही जपानी वाचता येत नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळा काही सांगणार नाही, ही भीती आधी काढून टाका. इथली शाळा इतकं सांगते की पहिले दोन महिने जीव दडपतो. फक्त ते सगळं जपानीत असतं, बरंचसं कागदावर असतं आणि मुलाच्या दप्तरातून येतं. शाळेतून फोन येतो तो ताप आला, पडलीबिडली तरच.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे रेन्राकुचो, निरोपाची वही. घरी निघण्याआधी शिक्षक फळ्यावर लिहितात आणि मुलं ते आपापल्या वहीत उतरवतात. ओळी उभ्या, उजवीकडून डावीकडे. उद्याचे तास आणि त्याखाली गोलात एकेक अक्षर. गोलातला ‘शी’ म्हणजे शुकुदाई, गृहपाठ. ‘मो’ म्हणजे मोचिमोनो, उद्या न्यायच्या वस्तू. आणि ‘ते’ म्हणजे तेगामी, आज दिलेले कागद. ‘ते’पुढे 3 लिहिलं असेल तर दप्तरातून तीन कागद निघायलाच हवेत. दोनच निघाले तर तिसरा पुस्तकांच्या मागे चुरगळून पडलाय असं समजा आणि दप्तर पालथं करा. ही तीन अक्षरं विमानात बसायच्या आधी पाठ करा. तुमची लेक सुरुवातीला अर्धवट उतरवून आणेल, काही दिवस काहीच आणणार नाही. पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगा, ते वहीवर नजर टाकतात किंवा स्वतः लिहून देतात.

मी हे वेळेवर शिकले नाही, त्याची किंमत मुलानं मोजली. इथे उन्हाळ्यात शाळेतच पोहण्याचे तास असतात आणि त्या दिवशी एक कार्ड भरून द्यावं लागतं. त्यात सकाळचा ताप मोजून लिहायचा आणि तेव्हा पालकांचा शिक्काही, म्हणजे सहीऐवजी वापरायचा नावाचा छोटा ठसा, मारावा लागे. मी ताप लिहिला, शिक्क्याची चौकट मला कळलीच नाही. शिक्का नाही म्हणजे परवानगी नाही, त्यामुळे त्याला पाण्यात उतरू दिलं नाही. पोहण्याची टोपी घालून तो काठावर बसून राहिला. संध्याकाळी आल्यावर एवढंच म्हणाला, ‘आई, तुझा शिक्का नव्हता.’ त्या रात्रीपासून जेवणानंतरचा अर्धा तास दप्तराचा, हे आमच्या घरात ठरून गेलं. तुम्हीही तो अर्धा तास दोघांपैकी एकाच्या नावावर आत्ताच लिहून टाका. ‘जमेल त्यानं बघायचं’ असं ठेवलंत तर कोणीच बघत नाही.

आता मला खरं सांगायचंय ते. त्या वहीत पालकांनी लिहायलाही जागा असते आणि आपल्यासारखे बहुतेक पालक ती कोरी सोडतात. भाषा येत नाही, चूक होईल, शिक्षकांना कशाला त्रास, असं वाटतं. पण कोऱ्या पानाचा अर्थ इथले शिक्षक ‘घरी सगळं ठीक आहे’ असाच घेतात. माझी धाकटी दुसरीत असताना मधल्या मोठ्या सुट्टीत एकटी भिंतीपाशी उभी राहते, असं रात्री झोपताना म्हणाली. मी हिरागानात, म्हणजे जपानीच्या सोप्या उच्चारलिपीत, दोन मोडक्यातोडक्या ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी सहा ओळींचं उत्तर आलं, तेही सगळं हिरागानात, मला वाचता यावं म्हणून. बाईंनी लिहिलं होतं: ‘माझ्या लक्षात आलं नव्हतं, कळवलंत ते बरं झालं. उद्या मीही मैदानावर उतरते.’ त्यानंतरच्या दिवशी निरोप होता, आज मोठ्या दोरीवर सगळ्यांनी मिळून उड्या मारल्या. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. म्हणून एप्रिलच्या आधी बाकी काही शिकला नाहीत तरी हिरागाना लिहायला शिका. दोघांनीही.

महिन्याचं पत्रक येतं ते गाकुनेन दायोरी. त्यात त्या इयत्तेचे महिन्याचे कार्यक्रम आणि घरी सुटण्याची वेळ असते. सुटण्याची वेळ दिवसागणिक बदलते, ती पहिली बघा. काही शिक्षक आपल्या वर्गापुरतं वेगळं पत्रकही काढतात, त्याला गाक्क्यू त्सूशिन म्हणतात. कोणी काय विचारलं, शेंगांच्या रोपाला फूल कधी आलं, असं वर्गाचं रोजचं जगणं त्यात असतं. ज्यांच्या वाट्याला असे शिक्षक येतात ते भाग्यवान. जेवणाचा महिन्याचा तक्ता वेगळा येतो, पदार्थांतल्या जिनसांसकट. तुम्ही शाकाहारी असाल तर तो आधी बघा, कारण माशाचा अर्क वरणासारख्या साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही असतो. डबा द्यायची परवानगी शाळेशाळेवर असते, ती प्रवेशाच्या वेळीच विचारा.

ती शिकतेय की नाही, हे मला सगळ्यात आधी ओन्दोकू कार्डावरून कळलं. भाषेच्या पुस्तकातला धडा रोज घरी मोठ्यानं वाचायचा, आपण ऐकायचं आणि कार्डावर खूण करून सही करायची. अर्थ कळला नाही तरी ऐका. सोमवारी अडखळत वाचलेलं पान शुक्रवारी सरळ वाचलं जातं, हे कानाला कळतं. नुसती सही करून कार्ड परत पाठवू नका. दिवसभरात तुम्हाला तिच्या अभ्यासाच्या एवढं जवळ नेणारं दुसरं काही नाही.

चाचणीचे कागद घरी येतील तेव्हा एक गोष्ट आठवा, नाहीतर फार गोंधळ होतो. इथे बरोबर उत्तराभोवती गोल काढतात आणि आपल्याकडची बरोबरची खूण चुकलेल्या उत्तराला असते. मी मुलाचा पहिला कागद बघून त्याला शाबासकी दिली होती आणि तो गप्प उभा होता. फुलासारख्या पाकळ्या काढलेला गोल दिसला तर तो हानामारू, उत्तम काम. त्याचं मात्र मनापासून कौतुक करा.

दुसरीत प्रवेश म्हणजे पहिलीच्या 80 कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, मागे राहिलेल्या आणि वर्षभरात नव्या 160. ती मागे पडेल, पण घाबरू नका. 2014 पासून जपानी न येणाऱ्या मुलांना शाळेच्या वेळेतच वेगळं जपानी शिकवण्याची अधिकृत तरतूद आहे. ती प्रत्यक्षात किती तास मिळते हे गावागावावर अवलंबून आहे, त्यामुळे नगरपालिकेत शाळेचा अर्ज भरतानाच विचारा. मिळाली तर ते जपानीचे शिक्षक तुमचे दुसरे कान-डोळे होतील. वर्गशिक्षकांसमोर तीस-पस्तीसपर्यंत मुलं असतात, यांच्यासमोर दोन-तीन.

जुग्यो सांकान म्हणजे पालकांनी वर्गात मागे उभं राहून तास बघायचा दिवस. शाळेत आत घालायच्या चपला घरून न्या. शिकवणं कळणार नाही, म्हणून आपली मुलगी काय करते तेवढंच बघा: हात वर करते का, शेजारच्या मुलीच्या वहीत बघते का, शिक्षक तिच्या बाकापाशी थांबतात का. तास संपला की पालकांची सभा असते, कोन्दानकाई. पहिल्या वेळी मी तास संपल्यावर निघून आले आणि तिथेच बाकीच्या आयांची ओळख व्हायची राहून गेली. थांबा. प्रत्येकाला दोन शब्द बोलायला लावतात, ते पाठ करून जा. एका जरी आईशी निरोपांची देवाणघेवाण सुरू झाली तरी वर्ष निभावतं.

शिक्षकांशी एकट्यानं बोलायची वेळ म्हणजे कोजिन मेन्दान, जेमतेम 15 मिनिटं. दुभाषा हवा असेल तर दोन-तीन आठवडे आधी सांगा. बऱ्याच ठिकाणी नगरपालिका पाठवते. ‘कशी आहे?’ विचारलंत तर ‘प्रयत्न करते’ असं गोड उत्तर मिळेल आणि वेळ संपेल. त्याऐवजी तिच्या वह्या दाखवा म्हणा, आणि विचारा: गणितात शब्द कळत नाहीत की गणित कळत नाही? प्रगतिपुस्तकात तीनच पायऱ्या असतात, काही रकाने शिक्षक सुरुवातीला मोकळेही ठेवतात. त्यावरून फारसं काही ठरवू नका.

2020 मध्ये शिक्षण मंत्रालयानं शाळांना शिक्के कमी करा, निरोप डिजिटल करा असं कळवलं. त्यामुळे गैरहजेरी आता बहुधा मोबाईलवरूनच कळवाल, आणि मोबाईलवरचा मजकूर भाषांतर करून वाचणं सोपं जातं. हाताने लिहिलेल्या उभ्या ओळी मोबाईलला नीट वाचता येत नाहीत, त्या वेळी सभेत ओळख झालेली ती आईच उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी वहीत लिहायला तीन वाक्यं देते. ‘मुसुमे वा निहोन्गो गा मादा वाकारिमासेन’, मुलीला अजून जपानी कळत नाही. ‘ओतेगामी नि फुरिगाना ओ त्सुकेते कुदासाई’, कागदांवर कांजीच्या शेजारी उच्चार लिहून द्या. ‘कोमात्ता कोतो गा आरेबा ओशिएते कुदासाई’, काही अडचण असली तर कळवा. जपानी लिपीत लिहिलेला कागद वेगळा पाठवते, तो बघून हाताने उतरवा. छापून चिकटवू नका.