शाळेच्या ओसरीवर तडजोड करू नका

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातील चार वर्गांची जुनी प्राथमिक शाळा पाडून नवी बांधायची आहे, आराखड्यातील रुंद ओसरी कमी केल्याखेरीज फाईल पुढे सरकणार नाही असे तुम्हाला तोंडी सांगण्यात आले आहे, आणि त्यामुळे ओसरी गाळून सपाट स्लॅब व त्यावर पत्रा असा मार्ग पत्करावा का, हा तुमचा प्रश्न वाचला. आमच्या गावच्या शाळेच्या बांधकाम समितीत मी होतो आणि आमचे काम नेमके याच जागी अडले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी वास्तुरचनाकार नाही, नियमही अधूनमधून बदलतात. त्यामुळे अंतिम शब्द तुमच्या अभियंत्याचाच माना. सनद (जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी), इतर परवाने आणि त्यांचा क्रम यांविषयी लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

आमच्या मूळ आराखड्यात वर्गांच्या पुढे आठ फुटी ओसरी होती. एका कार्यालयाने, ज्याचे नाव येथे घेत नाही, ती आच्छादित क्षेत्रात, म्हणजे बांधकामाने व्यापलेल्या जागेच्या हिशेबात, धरायची की नाही याविषयी लेखी काहीच कळवले नाही, आणि विचारायला गेले की ‘साहेब बैठकीला गेले आहेत’ किंवा ‘ओसरी कमी करा, मग पाहू’ एवढेच उत्तर मिळे. देणगीचा निधी मुदतीत खर्च व्हायचा होता, म्हणून शेवटी ओसरी चार फुटांवर आणावी लागली. त्याची किंमत मुले दर पावसाळ्यात मोजतात. झड आली की पाणी थेट वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत येते, मग पश्चिमेकडची दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, भरदिवसा दिवे लागतात आणि ओल्या कपड्यांचा कुबट वास कोंडलेल्या वर्गात दिवसभर राहतो. ज्या कार्यालयाने हे घडवले, तेथील कोणीही पावसात ती शाळा पाहायला आलेले नाही, याचा मला आजही राग आहे.

म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगतो, हरकत लेखी मागा. ओसरीचे क्षेत्रफळ वेगळे दाखवणारा तक्ता फाईलला जोडा, आणि ज्या नियमाखाली ती कमी करायची त्याचा क्रमांक पत्राने विचारा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करून फाईलवरील टिपणांच्या प्रती मागा. ३० दिवसांच्या आत माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याच पत्रात शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या परिशिष्टाचा आधार घ्या. त्यात शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येण्याजोगी असावी असे म्हटले आहे, आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात ओसरी नसलेली इमारत ही अट कशी पूर्ण करणार? हा सगळा पत्रव्यवहार पायाची आणि खांबांची रेखाचित्रे पक्की होण्यापूर्वी उरका. नंतर कोणी तयार होत नाही.

लहान मुलांच्या शाळेत ओसरी ही केवळ येण्याजाण्याची वाट नसते. पहिलीतले मूल छत्री कोठे टांगायची, ओल्या चपला कोठे ठेवायच्या, आईचा हात सोडण्यापूर्वी क्षणभर कोठे थांबायचे, हे सगळे तेथेच शिकते, आणि पावसाने मैदान बंद असते त्या महिन्यांत मधल्या सुट्टीतला खेळही तेथेच होतो. रेनकोटच्या खुंट्या मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर लावा. स्वच्छतागृह मागे वेगळे बांधू नका. ओसरीवरूनच, न भिजता, तेथे जाता आले पाहिजे. पावसातून जावे लागते म्हणून मुली पाणी पिणेच टाळतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता छपराविषयी. सपाट स्लॅब आणि वर पत्रा हे माझ्या मते शाळेसाठी सर्वांत वाईट. उघड्या ओसरीवर नुसता पत्रा असला तरी जुलैमधल्या सरीत त्या आवाजापुढे शिक्षकाचा शब्द दुसऱ्या बाकापर्यंत पोहोचत नाही. उतरते छप्पर, मंगलोरी कौले आणि त्यांखाली सिलिंगची कौले असली की आवाज दबतो आणि एप्रिलचा तापही कमी होतो. कौलांची देखभाल लागते, माकडे ती हलवतात, हे खरे आहे. म्हणून दर मे महिन्यात कौले परतण्याचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकातच धरा. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, असतील तर पागोळ्यांचे पाणी जोत्यावर उडणार नाही एवढे छप्पर बाहेर काढा, कारण चिरा पाणी शोषतो.

पर्यावरणपूरक म्हणून तुम्हाला सौर पॅनेल सुचवले गेले आहेत. ते जरूर बसवा, परंतु दिवा न लावता वाचता येईल असा वर्ग आधी बांधा. लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला ठेवून समोरासमोर खिडक्या द्या, आणि खिडकीची कड जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे बसलेल्या मुलाला बाहेरचे झाड दिसेल. गज मात्र पक्के हवेत. पाण्याचे गणित सोपे आहे. ३०० चौरस मीटर छपरावर वर्षाला सुमारे नऊ लाख लिटर पाणी पडते, मात्र ते जवळजवळ सगळे चार महिन्यांतच. तेवढी टाकी बांधण्यात पैसा घालू नका. आवारात विहीर असेल तर पहिल्या सरींचे पाणी बाजूला काढून बाकीचे गाळणखड्ड्यातून विहिरीत सोडा.

एक काम मात्र लगेच करा. जुनी इमारत उभी आहे तोवर, झडीच्या दिवशी तिच्या ओसरीवर पाणी कोठवर येते ते टेपने मोजा, तारखेसह छायाचित्रे घ्या, आणि ते माप आराखड्यावर लिहून कार्यालयाला पाठवायच्या पत्रासोबत जोडा.