मायक्रोआरएनए हाड घडवणाऱ्या पेशींचा विकास कसा नियंत्रित करतात?

तुम्ही विचारलंय की सगळ्या पेशींत जनुकं तीच असताना अस्थिमज्जेतली एक मूळ पेशी हाड घडवणारी ऑस्टिओब्लास्ट होते आणि दुसरी चरबीची, हे कसं? आणि त्यात मायक्रोआरएनएचं काम काय?

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, घरी चादरीचे माग होते. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड यंत्रावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरायची. भोक असेल तिथला उभा धागा वर यायचा, नसेल तिथला खाली राहायचा. मला वाटायचं, नक्षी वरच्या धाग्यांचीच. वडिलांनी एकदा सगळे धागे उचलून दाखवले, तेव्हा नक्षीच उरली नाही.

पेशीत काही संदेश असेच खाली धरून ठेवावे लागतात. मायक्रोआरएनए ही जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांची, म्हणजे आरएनएच्या २२ मण्यांची, साखळी. जनुकाकडून आलेल्या संदेशवाहक आरएनएला ती जाऊन चिकटते, मग त्यावरून प्रथिन बनणं थांबतं किंवा संदेशच नष्ट होतो. १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत हे पहिल्यांदा दिसलं. त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

ऑस्टिओब्लास्ट घडवणारं मुख्य प्रथिन रन्क्स-२. मिर-२०४ (मिर म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा क्रमांक) त्याचा संदेश दाबतो, मग पेशी चरबीकडे झुकते. मिर-१३३ सुद्धा रन्क्स-२ लाच धरतो. मिर-१३५ धरतो स्मॅड-५ या प्रथिनाच्या संदेशाला, ज्याच्यामार्फत बाहेरून येणाऱ्या बीएमपी-२ या प्रथिनाचा 'हाड बनव' हा निरोप पेशीच्या आत पोचतो. गंमत अशी की बीएमपी-२ आला की मिर-१३३ आणि मिर-१३५ दोघेही कमी होतात. हुकूम येतो तोच ब्रेक सोडत येतो.

मला सर्वांत भावतो तो मिर-२८६१. एचडॅक-५ हे प्रथिन रन्क्स-२ चा नाश घडवून आणतं, आणि मिर-२८६१ त्या एचडॅक-५ लाच आवरतो. म्हणजे हा दाबणारा असूनही हाडाच्या बाजूचा. २००९ मध्ये एकमेकांच्या नात्यातल्या दोन किशोरवयीन मुलांत याच्या जनुकात बिघाड सापडला. मिर-२८६१ तयारच होत नव्हता, आणि ऐन वाढीच्या वयात दोघांची हाडं ठिसूळ झालेली. एवढ्याशा तुकड्यावर किती अवलंबून असतं!

यावरून औषध निघेल का, हाही तुमचा प्रश्न होता. हाडांसाठी असं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. एकच मायक्रोआरएनए अनेक संदेशांना धरतो, अनेक अवयवांत असतो. मिर-१३३ हृदयाच्या स्नायूतही कामाला आहे, त्याला फक्त हाडात अडवायचं कसं, यावरच सध्या गाडी अडली आहे.