शेजारच्या सीटवर मुलगा

प्रश्न : माझा अंबडला छोटा कारखाना आहे आणि आम्ही इंदिरानगरला राहतो. गेल्या वर्षी, अनेक वर्षांची हौस म्हणून, मी वापरलेली दोन सीटची पोर्शे केमन घेतली. आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. तो व्हीलचेअर वापरतो, मोजकेच शब्द बोलतो, पण समज उत्तम आहे. मान धरतो, मात्र दमला की ती डावीकडे कलते. फिट येणे दोन वर्षांपासून थांबले आहे, औषध चालू आहे. रविवारी सकाळी त्याला शेजारी बसवून मी गंगापूर धरणाच्या बाजूला चक्कर मारतो, तेव्हा इंजिनाचा आवाज चढला की तो खळखळून हसतो. मित्रांनी चेन्नईजवळच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ‘ट्रॅक डे’, म्हणजे आपापली गाडी तेथे वेगात चालवण्याचा दिवस, ठरवला आहे. मला त्याला तेथे न्यायचे आहे आणि निदान दोन लॅप (ट्रॅकच्या पूर्ण फेऱ्या) तरी त्याच्यासोबत मारायच्या आहेत. पत्नीचा ठाम नकार आहे. माझे वडील म्हणाले, ‘त्याला त्यातले काय कळणार?’ ते मनाला फार लागले. मी हट्ट करतो आहे का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मुलाला ट्रॅकवर अवश्य न्यावे, पण वेगाच्या लॅपसाठी त्याला शेजारी बसवू नये. आपल्या प्रश्नातल्या दोन इच्छा एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि त्या सोडवल्या तर आपले व आपल्या पत्नीचे भांडण बरेचसे मिटेल, असे मला वाटते.

नकाराचे कारण मानेत आहे. साध्या रस्त्याच्या टायरवर धावणारी चांगली स्पोर्ट्स कारही जोरात ब्रेक मारताना किंवा वळण घेताना साधारण एक ‘जी’ इतका जोर निर्माण करते, म्हणजे प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाइतकाच दुसरा जोर पुढे किंवा बाजूला ओढत असतो. अकरा वर्षांच्या मुलाचे डोके चार किलोच्या आसपास धरा आणि त्यावर सव्वा ते दीड किलोचे हेल्मेट चढवा. एवढे ओझे त्या कललेल्या मानेला आडवे सांभाळावे लागेल. आपल्या हातात स्टिअरिंग असते, वळण कधी येणार हे आपल्याला ठाऊक असते आणि शरीर त्याआधीच आपोआप तयार होते. शेजारी बसलेल्याला ही सूचना उशिरा मिळते, आणि सेरेब्रल पाल्सीच्या पुष्कळ मुलांमध्ये दचकण्याची प्रतिक्रिया मोठेपणीही टिकून राहते, त्यामुळे अचानक धक्क्याने किंवा आवाजाने अंग एकदम ताठ होते. श्रीपेरुंबुदूरजवळचा हा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा आहे आणि त्याला १२ वळणे आहेत. आपल्या गाडीला एका लॅपला दोन मिनिटांच्या आसपास लागतील, म्हणजे त्या मानेला सरासरी दर दहा सेकंदांना एक वळण, आणि मध्ये ब्रेक वेगळे. पहिल्या लॅपला तो हसेल. तिसऱ्या लॅपला त्याचे हसणे आणि त्याचे ताठरणे यांतला फरक आपल्याला हेल्मेटच्या आतून, रस्त्यावर नजर ठेवून, ओळखता येणार नाही.

दुसरे कारण सीटचे. तेरा वर्षांखालील मुलाने मागच्या सीटवर बसावे असा सर्वमान्य सल्ला आहे, कारण समोरची एअरबॅग मोठ्या माणसाच्या अंगाच्या हिशेबाने उघडते. आपल्या गाडीला मागची सीटच नाही. म्हणून रविवारच्या त्या फेरीबद्दलही मी नाखूष आहे, आणि ती फेरी घरच्या दुसऱ्या गाडीत, मागे, त्याच्या मापाच्या आधारासह व्हावी असे सुचवते. कोणी मित्र ‘चार पॉइंटचा हार्नेस (खांद्यांवरून व कमरेवरून बांधायचा शर्यतीचा पट्टा) लावून टाकू’ म्हणेल, त्यालाही नम्रपणे नकार द्यावा. कमरेचा पट्टा ओटीपोटावर न चढता कटीच्या हाडांवर बसला पाहिजे, आणि ज्याचे नितंब ताठरपणामुळे सीटवरून पुढे सरकतात त्या मुलाच्या बाबतीत तो नेमका वर चढतो. नेहमीच्या सीटवर नुसता हार्नेस बांधल्याने हा धोका वाढतो. मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवण्याचा घरगुती उपाय घरातल्या खुर्चीपुरता ठीक आहे.

तिसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. गाडी बंद पडली, धूर आला, तर ट्रॅकवर माणसाने क्षणात पट्टा सोडून बाहेर पडायचे असते. आपला मुलगा ते करू शकत नाही. घरच्या आवारात गाडी उभी करून, घड्याळ लावून, आपण स्वतःचा पट्टा सोडून पलीकडे जाऊन त्याला त्या खोल सीटमधून उचलून दहा पावले दूर नेईपर्यंत किती वेळ जातो ते एकदा मोजून पाहावे. माझा युक्तिवाद पटला नाही तरी तो आकडा पटेल.

शिवाय बहुतेक आयोजक लहान मुलांना प्रवासी म्हणून गाडीत बसूच देत नाहीत, आणि आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत संघटित शर्यत, वेग-चाचणी अशा वापराला संरक्षण नसते. ट्रॅक जमला नाही म्हणून ‘समृद्धीवर पहाटे दाखवतो त्याला वेग’ असा विचार मात्र स्वप्नातही आणू नये. तेथे मोटारीची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि बाजूला ट्रॅकवर असतात तसे मदतीला धावणारे मार्शल उभे नसतात.

आता न्यायचे कसे, याबद्दल. ट्रॅक डे म्हणजे गाडीत बसणे एवढेच, असे आपण आपल्या बाजूने धरले आहे, कारण आपण चालक आहात. प्रत्यक्षात दिवसातला फार थोडा वेळ गाडी ट्रॅकवर असते. बाकीचा वेळ पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या उभ्या करण्याच्या आवारात, बोनेट उघडणे, टायरला हात लावून पाहणे, कोणाचा ब्रेक फ्लुइड उकळला याची चर्चा करणे, वाट पाहणे यात जातो. या उरलेल्या दिवसात मुलाला खरी जागा आहे. त्याला एक काम द्यावे, आणि ते खरे असावे, करमणुकीपुरते नसावे. मोठ्या आकड्यांचा डिजिटल टायर गेज घ्या. सेशनला, म्हणजे ट्रॅकवरच्या आपल्या पाळीला, जाण्यापूर्वी थंड टायरचा दाब आणि परत आल्यावर गरम टायरचा दाब त्याने वाचावा, बोटाने किंवा नजरेने आकड्यांच्या तक्त्यावर दाखवावा, आणि आईने किंवा मदतनिसाने वहीत लिहावा. सेशननंतर टायरचा दाब सहज चार-पाच पीएसआयने वाढलेला असतो, आणि पुढच्या फेरीला किती हवा सोडायची हे त्या आकड्यावरून ठरते; म्हणजे वडील त्याच्या सांगण्यावरून काहीतरी बदलतात, हे त्याला दिसते. मोठ्या बटणाचे स्टॉपवॉच मिळाले, किंवा त्याच्या थेरपिस्टने त्याच्या हाताला जमेल असे बटण जोडून दिले, तर लॅपचा वेळही तोच घेऊ शकतो. दर दोन मिनिटांनी ओळखीचा आवाज दुरून येणार, वाढणार, समोरून जाणार. वाट पाहण्याची ती गंमत गाडीच्या आत बसलेल्याला कधीच मिळत नाही.

जेवणाच्या सुट्टीत, ट्रॅक रिकामा असताना, आयोजकांची लेखी परवानगी घेऊन, मागची सीट असलेल्या साध्या गाडीतून, त्याच्या नेहमीच्या आधारासह, शहरातल्या वेगाने एक फेरी मारता येते का, हे आधी विचारून ठेवावे. नाही म्हणाले तर वाद घालू नये. हो म्हणाले तर प्रत्येक वळणाचे नाव त्याला सांगत, हळू जावे. दिवसभर ज्या वळणाकडे तो बसून पाहत होता ते आतून कसे दिसते हे त्याला कळले की पुरे.

कानांकडे विशेष लक्ष द्यावे. ट्रॅकच्या कडेला आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो, आणि १०० डेसिबलला उघड्या कानांसाठी दिवसाला पंधरा मिनिटांपलीकडे सुरक्षित वेळ मानत नाहीत. मुलांच्या मापाचे कान झाकणारे मफ घ्यावेत आणि ते आठवडाभर घरी मिक्सर चालू असताना घालून पाहावेत, कारण पुष्कळ मुलांना आवाजापेक्षा मफचा दाबच सहन होत नाही. ‘थांब’ची एक खूण ठरवावी, डोळे मिटणे किंवा मूठ आवळणे, जी त्याला दमलेला असतानाही जमेल, आणि ती खूण झाली की कोणाचीही लॅप राहिलेली असो, गोंगाटापासून दूर जायचे, हे आधी कबूल करावे. फिट थांबलेल्या मुलाच्या बाबतीत चुकलेला डोस आणि अपुरी झोप हे दोन शत्रू आहेत. ट्रॅक डेची ब्रीफिंग भल्या सकाळी असते, आणि नाशिकहून चेन्नई हजार किलोमीटरहून लांब आहे, म्हणून आदल्या दिवशी पोहोचून पूर्ण विश्रांती घ्यावी. गाडी ट्रकवरून जाईल, मुलगा तिच्यासोबत जाण्याची गरज नाही. उन्हाचा विचार करून दुपारी वातानुकूलित खोली किंवा निदान एसी चालू असलेली मोठी गाडी जवळ हवी, जिच्या मागे गादी टाकून त्याला आडवे करता येईल आणि कपडे बदलता येतील. ‘व्हीलचेअरची सोय आहे’ या फोनवरच्या उत्तरावर विसंबू नये; प्रवेशद्वाराचा, उताराचा आणि स्वच्छतागृहाच्या दाराचा फोटो मागवावा. पिट लेनमध्ये, म्हणजे गाड्या ट्रॅकवर जातात-येतात त्या पट्ट्यात, मुलांना सहसा सोडत नाहीत, ते योग्यच आहे.

पत्नीच्या विरोधाला आपण भीती समजत असाल तर पुन्हा विचार करावा. त्या मुलाला रोज अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या व्यक्तीला त्याची मान किती वाजता कलते हे मिनिटांत ठाऊक असते. त्यांच्यापुढे ‘नेऊ का?’ हा प्रश्न ठेवण्याऐवजी वरचा सगळा बेत ठेवावा आणि त्यात काय चुकले आहे ते त्यांनाच दाखवू द्यावे. त्या दिवशी एक मदतनीस वेगळा न्यावा. एरवी आपण ट्रॅकवर आणि पत्नी पॅडॉकमध्ये डबा, डायपर आणि औषधे सांभाळत, असा तो ‘कौटुंबिक’ दिवस होईल, आणि मग पुढच्या वेळचा नकार मी त्यांच्याच बाजूने देईन.

वडिलांच्या वाक्याला उत्तर देण्याच्या भरीस पडू नये. दाबाची वही त्यांच्या हाती द्यावी.

जाता जाता एक. इटालियन शर्यतचालक अ‍ॅलेक्स झानार्डी यांचे उदाहरण आपल्याला कोणीतरी नक्की ऐकवेल. २००१मध्ये जर्मनीतल्या शर्यतीत त्यांचे दोन्ही पाय गेले, पुढे हाताने चालवायच्या गाडीत ते पुन्हा शर्यती जिंकले, आणि २०१२च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये हँडसायकलची सुवर्णपदके त्यांनी ब्रँड्स हॅच या मोटारींच्याच ट्रॅकवर मिळवली. ही गोष्ट मुलाला जरूर सांगावी, त्याला आवडेल. पण झानार्डी अपघातापूर्वीच जागतिक दर्जाचे चालक होते. त्यांच्या मापाने या मुलाकडे पाहू नये. त्याला गाड्या आवडतात, एवढे कारण ट्रॅकवर जायला पुरेसे आहे.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या पंधरा वर्षांच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. चुलत भावंडे सुट्टीत त्याला गो-कार्टिंगला नेणार आहेत. तो चालता-फिरता, धडधाकट आहे. तेव्हा मावशी म्हणून मी उगाच काळजी करते आहे का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : काळजी उगाच नाही. डाउन सिंड्रोममध्ये सांध्यांचे बंध सैल असतात, आणि काही मुलांमध्ये मानेचे सर्वांत वरचे दोन मणके एकमेकांवर गरजेपेक्षा जास्त सरकतात. बाहेरून मुलगा अगदी ठणठणीत दिसतो. कार्टला सस्पेन्शन नसते, भाड्याच्या पुष्कळ कार्टना पट्टाही नसतो, आणि भावंडे एकत्र आली की मागून धडका देणे हाच खेळाचा मुख्य भाग होतो. अशा धक्क्यात मान मागे-पुढे झटकली जाते.

त्याच्या डॉक्टरांना ‘कार्टिंगला नेणार आहोत’ असे स्पष्ट सांगून तपासणी करून घ्यावी. केवळ एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण त्यावरून सगळे कळत नाही. अलीकडे त्याची चाल बदलली आहे का, तो पाय ओढतो का, मान एका बाजूला धरतो का, हात अवघडल्यासारखे वापरतो का, लघवीवरचा ताबा सुटला आहे का, हे आईला विचारावे. यांपैकी एकही गोष्ट असेल तर कार्टिंगचे नाव काढू नये आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टरांनी परवानगी दिलीच, तर बाकीची कार्टे ट्रॅकबाहेर काढून त्याला एकट्याला फेऱ्या मारू द्याव्यात. कमी गर्दीच्या वारी सकाळी गेल्यास कार्टिंगचा ट्रॅक चालवणारी मंडळी हे बहुधा मान्य करतात. भावंडांनी कठड्यापलीकडे उभे राहून त्याच्या लॅप मोजाव्यात, आणि त्यांना धडकाधडकी करायचीच असेल तर त्याची फेरी संपल्यावर आपापसांत करावी.