प्रो कबड्डीतले खेळाडू दर दोन-तीन दिवसांनी सामना कसा खेळतात? त्यांना थकवा येत नाही का?

येतो. भरपूर येतो. टीव्हीवर दिसत नाही, एवढंच.

खाली तू लिहिलंयस की कॉलेजच्या संघात आहेस, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, आणि सर म्हणतात, "पळायला ये, अंग मोकळं होईल." हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही, नाहीतर असल्या प्रश्नांच्या नादी मी लागत नाही. कॉलेजात आहेस म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

आधी प्रो कबड्डीचं उरकते. अकराव्या हंगामात 18 ऑक्टोबर ते 24 डिसेंबर 2024 एवढ्या काळात प्रत्येक संघाचे साखळीतले 22 सामने झाले. म्हणजे सरासरी तीन दिवसांना एक, शिवाय हैदराबाद, नोएडा, पुणे हा प्रवास. चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची, सामना 40 मिनिटांचा, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं यात दमण्यासारखं आहे काय. अरे, लागलेला दम पाच मिनिटांत बसतो. ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा गडी अंगावर येऊन आपटतो, वर आपलेच चौघं पडतात, ते बसत नाही. स्नायूला मार लागला की त्यातलं क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम रक्तात उतरतं. रग्बीच्या खेळाडूंमध्ये हे भरपूर मोजलं गेलंय. धडका जितक्या जास्त तितकं ते जास्त, साधारण दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर, आणि खाली यायला कधी कधी चार-पाच दिवस. उडीतली ताकदसुद्धा एक-दोन दिवस कमी भरते. तिसऱ्या दिवशी मॅटवर उतरलेला खेळाडू पूर्ण भरून आलेला नसतोच, कामापुरता आलेला असतो. कधी तेवढाही नाही. आपली पुणेरी पलटण 1 मार्च 2024 ला हरियाणाला 28-25 हरवून विजेती झाली, आणि पुढच्याच हंगामात कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्यामुळे बाहेर, संघ पहिल्या सहातही नाही. त्या हंगामाचा अंतिम सामना आपल्या पुण्यात, बालेवाडीत, आणि खेळतायत हरियाणा नि पाटणा! मी तिकीट काढलं नाही.

आता माझं ऐक.

मी डावा कोपरा, म्हणजे बचावात डाव्या टोकाला. पेठेतल्या एका मंडळाकडून खेळायचे, तिथून जिल्ह्याच्या सराव शिबिरापर्यंत पोचले होते. आमच्या सामन्यांना ना फिजिओ ना काही. प्रकाशझोतातली स्पर्धा असली की उपांत्यपूर्व आणि उपांत्य एकाच रात्री, मधे तास-दीड तास खुर्चीवर बसून अंग गार करायचं, आणि सगळं आटपून वडापाव-चहा घेऊन घरी जाईस्तोवर एक वाजायचा. अशाच एका शनिवारी समोरच्या संघात एक दणकट चढाईवाली होती. मांडीपकड केली की ती मला घेऊन मध्यरेषेकडे ओढत निघायची. पकडी झाल्या, सामना जिंकलो, पण प्रत्येक पकडीत माझे पाय जमिनीत रोवलेले आणि मांड्या ताणल्या जातायत, हे डोळ्यांसमोर आण.

सरांचा नियम असा की स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळ्यांनी आतकरवाडीला हजर. सिंहगड चढायला. "अंग मोकळं होतं," हेच वाक्य! वर पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही सर स्वतःच्या पैशाने खिलवायचे, तेवढं कबूल करते. चढताना काही वाटायचं नाही, उलट बरंच वाटायचं. वाट लागायची ती उतरताना. सहाशे मीटर उंचीच्या आसपासची ती उतरण, दगडगोटे, आणि प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूने ब्रेक मारायचा. स्नायू लांबत असताना जोर लावणं हेच त्याला सगळ्यात जास्त फाडतं. चढणीला तो आखडत काम करतो, त्यात दम लागतो पण इजा फारशी होत नाही. आणि कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू रात्रभर करतो काय? तेच. चढाईपटूला रोखताना, स्वतःला थांबवताना, खाली बसता बसता घोटा धरताना ब्रेकच मारत असतो. रात्री मारलेले ब्रेक सकाळी परत मारायला लावायचे, याला सर मोकळं करणं म्हणत.

सोमवारी मला भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येईना. हसू नकोस. असं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळसाला जातं, आणि मंगळवारी शिबिरात निवडीचा सराव. गुडघे वाकेनात, खाली बसता येईना, पोरी बोनस घेऊन आरामात परत जातायत. सगळ्यांसमोर सर म्हणाले, "थकवा पायात नाहीये तुझ्या, डोक्यात आहे."

पुढच्या स्पर्धेनंतर मी त्यांना सुचवलं की गडावर जाऊ, पण खाली जीपने येऊ. वरच्या वाहनतळावर सहा-सात जणांच्या जीपा उभ्याच असतात. सरांना ती थट्टा वाटली. मी गेलेच नाही, घरी झोपले, दुपारी जेवून परत झोपले. यादी लागली तेव्हा माझं नाव नव्हतं. कारण? शिस्त. मंगळवारी त्या संघात सगळ्यात खाली बसून खेळत होती ती मीच, हे बघायला मात्र कोणी वही घेऊन उभं नव्हतं.

सर परवा एका कार्यालयात लग्नात भेटले. अजून शिकवतात. पहिलं वाक्य काय, तर "आजकालच्या पोरांना बर्फाच्या टबात बसवावं लागतं, आम्ही मातीवर खेळलो, आम्हाला काही झालं नाही." सर पंगतीत बसताना गुडघ्याला हात लावून बसले. मी बघितलं, बोलले नाही. इथे बोलतेय.

तर मोठे खेळाडू करतात काय? जादू काही नाही. सामना संपल्या संपल्या भात, केळी, दूध, अंडी असं पोटभर आत जातं, कारण स्नायूतली साखर परत भरायला साधारण एक दिवस लागतो आणि मार खाल्लेल्या स्नायूला त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी पोहणं, हलकी सायकल, चालणं. ज्यात आपटणं आणि उतरण नाही असं काहीही. मालिश होतं, त्याने दुखणं कमी वाटतं, स्नायू लवकर शिवला जातो असं नाही. बर्फाचं पाणी म्हणजे 10 ते 15 अंशांचं, दहा-पंधरा मिनिटं. स्पर्धा चालू असताना ठीक. पण जिममध्ये ताकद वाढवण्याच्या दिवसांत रोज बसलास तर स्नायू वाढायचाच कमी वाढतो, तेव्हा रील बघून बादल्या भरू नकोस. आणि झोप. रात्री आठ-नऊचा सामना असला की डोकं तीनपर्यंत जागंच राहतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना उशिरापर्यंत झोपू देतात. शिस्त बिघडत नाही त्याने कुणाची.

तुझ्याकडे फिजिओ नाही तर खडू घे. सकाळी भिंतीशी उभा राहून उडी मार, खूण कर. ताजा असतानाची खूण आणि सामन्यानंतरची खूण शेजारी दिसली की सरांना डोकं की पाय हे वेगळं सांगावं लागत नाही. रोजचा सराव किती जड गेला त्याला दहापैकी गुण दे, त्यांना सरावाच्या मिनिटांनी गुणून आकडा वहीत लिही. आकडा एकदम उडाला की दोन दिवसांत अंग बोलतं. वही सरांसमोर ठेव. माझ्याकडे नव्हती.

आता थोडं सरांच्या बाजूने. दर आठवड्याला गड करणाऱ्याला उतरण पुढे तेवढी बाधत नाही, स्नायू सरावतो हे खरंच आहे. स्पर्धा नसलेल्या महिन्यात गड जरूर कर, उतरही पायी. माझं भांडण दुसऱ्या दिवसाच्या सकाळशी आहे. मी डॉक्टर नाही, हेही आधीच लिहायला हवं होतं. सगळं दुखणं थकव्याचं नसतं. लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरगुती उपाय न करता सरळ रुग्णालयात जा. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्या दिवशी परत मैदानात नाही, कोणीही काहीही म्हणो. पेनकिलर टाकून, पाणी न पिता मैदानात उतरणारे मी खूप पाहिलेत, किडनीला ते महागात पडतं. मुली वाचत असाल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. निम्म्या "स्टॅमिना नाही"वाल्या तिथे सापडतील.

तू कुठल्या जागेवर खेळतोस ते लिहिलंच नाहीस. चढाई करत असशील तर वरचं बरंच बदलेल, तुझे पाय वेगळ्या कारणाने जात असतील. ते कळव, मग सांगते.