सापाच्या विषाने रक्त थांबते कसे?

प्रश्न : दाढ काढल्यावर वडिलांचे रक्त लवकर थांबेना, म्हणून दंतवैद्यांनी त्यांना ‘हिमोकोअॅग्युलेज’ नावाचे इंजेक्शन दिले. हे औषध सापाच्या विषापासून तयार होते असे कळले. साप चावल्यावर हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जाते, असे आम्ही ऐकत आलो आहोत. मग विषानेच रक्त थांबते कसे? त्यातून विषबाधा तर होणार नाही ना?

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. विषबाधेची भीती नाही. विष हा एकच पदार्थ नसून अनेक प्रथिनांचे मिश्रण असते. दक्षिण अमेरिकेतील बोथ्रॉप्स जातीच्या सापांच्या विषातून रक्त गोठवणारे विकर (एन्झाइम) वेगळे काढून हे औषध करतात आणि मज्जातंतूंना अपाय करणारे घटक त्यातून वगळलेले असतात.

रक्तात फायब्रिनोजेन हे विरघळलेले प्रथिन असते. जखम झाली की शरीरातील थ्रॉम्बिन हे विकर त्याचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकारचे बारीक तुकडे छाटते, उरलेल्या भागाचे फायब्रिनचे धागे होतात आणि त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. या औषधातील बॅट्रॉक्सोबिन हे सापाचे विकर फक्त ‘ए’ तुकडे छाटते, तरी धागे तयार होतात. मात्र हे धागे एकमेकांना पक्के सांधणारा, रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी तेरावा घटक बॅट्रॉक्सोबिन जागा करीत नाही, त्यामुळे ती मजबुती शरीराच्या स्वतःच्या थ्रॉम्बिनकडूनच यावी लागते. हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने थ्रॉम्बिन रोखले जाते, पण बॅट्रॉक्सोबिन रोखले जात नाही. म्हणूनच रक्ताच्या नमुन्यात हेपॅरिन मिसळले आहे का, हे ताडण्यासाठी प्रयोगशाळेत त्याचा उपयोग होतो.

आता तुम्हाला जाणवलेल्या विसंगतीकडे वळू. खरे तर ती विसंगती नाहीच. घोणशीचे विष रक्त गोठवणारेच असते. त्यातील एक विकर रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी दहाव्या घटकाला चेतवते. दंशानंतर ही क्रिया सबंध रक्तप्रवाहात चालू राहते, फायब्रिनोजेनचा साठा संपतो आणि मग रक्त गोठायला काही शिल्लकच राहत नाही. विषातील इतर विकरे रक्तवाहिन्यांच्या भिंतीही पोखरतात. तेच विष अत्यंत विरल करून जखमेपुरते लावले, तर त्याचा गोठवण्याचा गुण तेवढा कामी येतो, हे मॅकफार्लेन आणि बार्नेट या संशोधकांनी 1934 मध्ये हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांबाबत मांडले होते. मात्रेचा हा फरक बॅट्रॉक्सोबिनलाही लागू आहे : जास्त मात्रेत तेच विकर रक्तातील फायब्रिनोजेन कमी करण्यासाठी वापरले गेले आहे.

या औषधाकडून फार अपेक्षा ठेवू नये, असे मला वाटते. दाढेच्या खड्ड्यावर दाबून धरलेला कापसाचा बोळा किंवा गरज पडल्यास घातलेला टाका, हाच मुख्य उपाय, इंजेक्शन जोडीला. आणि ज्याच्या रक्तात फायब्रिनोजेनच फार कमी आहे, त्याच्या बाबतीत या विकराला छाटायलाच काही मिळत नाही; तिथे फायब्रिनोजेन बाहेरून द्यावे लागते. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.