आई-बाबांना पुण्याला आणायचंय? जरा थांब

घाई करू नकोस रे. साताऱ्याचं घर विकायचा विषय तर आत्ता काढूच नकोस, मी तीच चूक केली, बाबांना विचारायच्या आधीच एजंटला फोन, मग बाबा आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी. त्यापेक्षा पावसाळ्याचे दोन-तीन महिने ट्रायल म्हणून बोलव, किल्ली शेजारच्या काकूंकडे. माझी आई येताना खलबत्ता घेऊन आली, मिक्सर आहे म्हटलं तरी, आणि तो ओट्यावर ठेवल्यावरच तिला झोप लागली बहुतेक! बाबांचं वेगळंच, आठव्या मजल्यावर ओळखीचं कुत्रंही दिसत नाही म्हणे. म्हणून लिफ्ट असली तरी खालचा मजला बघ, जवळ कट्टा न् भाजीवाला हवा. पेन्शनचा हयातीचा दाखला जीवन प्रमाण या सरकारी सेवेवरून मोबाईलवर होतो, त्याचं टेन्शन नको. तुझे बाबा घर तुझ्या नावावर करतो म्हणाले तर बक्षीसपत्रात त्यांना सांभाळायची अट लिहायला लाव, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 आहे त्यासाठी, उद्या तू (किंवा वहिनीने) त्यांना सांभाळलं नाही तर घर त्यांना परत मागता येतं. बहिणीलाही समोर बसव, नंतर फोनवर कळलं तर बोंब होईल.